हिरव्या चिंधीतली बाटली

सरकारी कागदावर माझा हुद्दा ‘नेत्र चिकित्सा अधिकारी’ असा होता. आमच्या साखरशेत गावात एवढं लांबलचक कोण म्हणणार? तिथे मी ‘डोल्यांचा डाक्टर’. खरं तर मी डॉक्टर नव्हतोच. बारावीनंतर एक कोर्स केलेला, जव्हारच्या सरकारी दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत बसून चष्म्याचे नंबर काढणारा, पिकलेले मोतीबिंदू हुडकून शिबिराला पाठवणारा आणि डोळ्यात गेलेला कचरा काढणारा माणूस. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. लोक डॉक्टर म्हणायचे आणि मी फारसा विरोध करायचो नाही.

नव्वदीचं दशक तेव्हा सरत आलं होतं. तालुक्यातल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना मी जीपमध्ये घालून ऑपरेशनला नेत होतो, आणि माझ्याच घरात माझी आई भिंत चाचपत चुलीपर्यंत जात होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते, पण डोळ्याला सुरी लावून घ्यायला ती तयार नव्हती. मी समजावलं, दादानं समजावलं, मी रागावलोसुद्धा. ती म्हणायची, “तुला पगार मिलतो म्हणून तू बोलतोस.”

शेवटी तिला तयार केलं ते वहिनीनं. वहिनी म्हणजे दादाची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून घरातलं आणि शेतातलं निम्मं काम तिच्याच अंगावर. तिनं समजावण्याच्या भानगडीत न पडता एवढंच विचारलं, “आई, औंदा कणसरीची पूजा मीच करू ना? तुम्हाला दिसत नाय.” कणसरी ही आमची धान्याची देवी. भात झोडून झालं की खळ्यावर तिची पूजा होते आणि ती घरातल्या थोरल्या बाईच्या हातची असते. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिशवी भरून ओट्यावर बसली होती.

एका डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. हिरवी पट्टी सुटली, काळा चष्मा लावून आई घरी आली, आणि चष्मा काढून तिनं पहिलं काय बघितलं असेल तर स्वयंपाकाची जागा. “एवढी काजली? घर हाय का कोलशाची भट्टी?” वहिनी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, “आई, तुमचे डोले नव्हते तेच बरां होतां.” दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आमच्या घरात सासू-सुनेची भांडणं अशीच असत. मी लग्न केलं आणि जव्हारला बिऱ्हाड केलं तेव्हा माझ्या बायकोला ही भाषा कळायला बरेच दिवस लागले.

शिबिरातून प्रत्येकाला डोळ्यात घालायचे थेंब मिळत. आधी दिवसातून बऱ्याच वेळा, मग कमी कमी करत दीड-दोन महिन्यांनी बंद, आणि उरलेली बाटली फेकून द्यायची. हे सांगण्याचं काम माझंच असे. सगळे मान हलवायचे आणि कुणीही बाटली फेकायचं नाही. आमच्याकडे औषध फेकत नाहीत. टाकलेलं औषध आजाराला परत बोलावतं, असं मानतात. शिवाय ज्या औषधानं गेलेला डोळा परत आणला ते उकिरड्यावर टाकायचं म्हणजे काय? आईनं तिची बाटली हिरव्या पट्टीच्या चिंधीत गुंडाळून देवाजवळच्या कोनाड्यात करवंटीत ठेवली होती.

मी म्हणालो, “आई, औषध जुनं झालं की बाधतं.”

“जुना तूप औषद होतो ना? मग जुना औषद कसा बाधेल?”

एक दिवस मी ती बाटली गुपचूप खिशात घातली आणि दवाखान्याच्या कचऱ्यात टाकली. आईला कळलं तेव्हा ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली आणि मला वाटलं, विषय संपला. विषय संपला नव्हता. शिबिरात तिच्या शेजारच्या खाटेवर मोखाड्याकडची एक बाई होती. तिच्याकडची उरलेली बाटली आईनं कुणाच्या तरी हाती मागवून घेतली. जसं एकमेकांकडून बियाणं आणतात, तसंच. तीच चिंधी, तीच करवंटी, फक्त कोनाडा बदललेला. हे सगळं मला फार नंतर कळलं.

तेवढ्या काळात आईचा स्वतःचा दवाखाना सुरू झालेला होता. आळीत कुणाचे डोळे आले, लाल झाले, की लोक तिच्याकडे यायचे. ती दोन थेंब घालायची आणि दुसऱ्या दिवशी लाली उतरायची. आलेले डोळे तसेही आपोआप बरे होतात, पण यश आईच्या थेंबांना मिळायचं. मी सुट्टीच्या दिवशी घरी गेलो की ती म्हणायची, “तुझ्याकडे रांगेत बसावां लागतां. माझ्याकडे नाय.” ती कुठलं तरी पाल्याचं औषध देत असेल असं मी समजत होतो.

त्या वर्षी भातकापणीच्या आधी मुंबईहून एक डॉक्टरबाई आल्या. मध्यम वयाच्या, कमी बोलणाऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्या संशोधनाचा विषय ऐकून मी आधी मनात हसलो होतो, कारण तो आमच्या घरचाच विषय होता. भात झोडताना, उफणताना दाण्याचं काट्यासारखं कूस डोळ्यात जातं. दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या जातं. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला ओरखडा उठतो. बहुतेकांचा भरून येतो. काहींचा चिघळतो, पांढरा होतो, ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात तसं होतं, आणि काहींचा अख्खा डोळाच जातो. असं का होतं, ओरखड्यातून आत काय शिरतं, आणि माणूस दवाखान्यात येईपर्यंत डोळ्यात काय काय घातलेलं असतं, हे बाईंना शोधायचं होतं. त्यांच्या मदतीला मला दिलं.

मला ते काम आवडायला लागलं. रोज उठून चष्म्याचे नंबर काढणाऱ्या माणसाला सूक्ष्मदर्शकात बघायला मिळालं. बाई डोळा बधिर करायच्या, जखमेच्या काठावरून बारीक पात्यानं कणभर खरवडून काचपट्टीवर घ्यायच्या, त्यावर एक थेंब टाकायच्या आणि मला म्हणायच्या, “बघ.” मी एक डोळा मिटून बघायचो. कधी काही नसायचं. कधी लांब, फांद्या फुटलेले धागे दिसायचे. बुरशी. पावसाळ्यात नागलीच्या शिळ्या भाकरीवर येते तिचीच कुणी बहीण. ती भातावर असते, पेंढ्यावर असते, कुसाबरोबर डोळ्यात जाते आणि तिथे मूळ धरते. अशा जखमेचे काठ पिसासारखे विस्कटलेले दिसतात, हेही बाईंनी मला शिकवलं. त्यांच्यामुळे मी डोळ्यात डोळा घालून बघायला शिकलो, असं मी तेव्हा बायकोला सांगायचो आणि ती कपाळावर हात मारायची.

एक गोष्ट मात्र मी त्यांना शिकवली. बाई प्रत्येकाला विचारायच्या, “डोळ्यात काय घातलं?” आणि प्रत्येक जण सांगायचा, “काय नाय.” दवाखान्यातल्या माणसासमोर घरच्या उपायाचं नाव कुणी काढत नाही. मी म्हणालो, बाई, तसं विचारू नका. कोणी घातलं ते विचारा. माणसाचं नाव सांगायला लोक लाजत नाहीत, उलट उपकार केलेल्याचं नाव लपवणं त्यांना बरं वाटत नाही. तसं विचारलं की मावशीनं दूध घातलं, भगतानं पाल्याचा रस घातला, दुकानदारानं मलम दिलं, असं सगळं बाहेर यायचं. बाई खूश झाल्या. मीही खूश झालो.

झोडणी जोरात होती तेव्हा आम्ही मोखाड्याकडे होतो. खोडाळ्याला मुक्काम करून आजूबाजूच्या पाड्यांवर फिरत होतो. डोंगरावरच्या खळ्यांवर जाऊन परक्या माणसांचे डोळे उलटून बघत होतो, त्यांना सांगत होतो, कूस गेलं तर चोळू नका, काही घालू नका, आधी दवाखान्यात या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझ्या घरच्या खळ्यावर त्याच दिवसांत वहिनीच्या डोळ्यात कूस गेलं होतं. मला निरोप धाडला नाही, कारण धाडायची गरज कुणाला वाटली नाही. घरात औषध होतं.

मी घरी गेलो तो कणसरीच्या पूजेच्या दिवशी, दुपार कलल्यावर. खळं शेणानं सारवलेलं होतं, मधोमध भाताची रास, आणि आई एका डोळ्यानं का होईना पण स्वतःच्या डोळ्यानं बघत पूजेची मांडामांड करत होती. वहिनी सूप घेऊन उभी होती. तिनं पदर नेहमीपेक्षा पुढे ओढला होता आणि अर्धा चेहरा झाकला होता.

“काय झालं?”

“काय नाय. कूस गेलां होतां,” वहिनी म्हणाली.

आई रास गोल करता करता म्हणाली, “लाल बुंद झाला होता डोला. रात रात रडायची. आता बघ, लाली उतरली. दुखतपण नाय.”

मी पदर बाजूला केला. लाली खरंच उतरली होती. बुबुळाच्या मधोमध एक करडा-पांढरा डाग होता आणि त्याचे काठ पिसासारखे विस्कटलेले होते. गेले कित्येक दिवस मी तेच काठ बघत होतो.

“दुखत नाही?”

“पहिल्यासारखां नाय दुखत,” वहिनी म्हणाली. “पण दिसत कमी हाय.”

मी म्हणालो, आत्ताच निघू. शेवटची गाडी कधीच गेली होती. आई म्हणाली, पूजा टाकून कोण जातो? वहिनी म्हणाली, सकाळी जाऊ. मग पूजा झाली. आईनं राशीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि दर वर्षी मागते तेच मागणं मागितलं, की घरातल्यांना खायला पुरू दे आणि सगळ्यांचे हात-पाय-डोळे धड राहू देत. मी तिच्यामागे हात जोडून उभा होतो आणि माझं लक्ष फक्त त्या डागाकडे होतं.

सकाळच्या पहिल्या एसटीनं मी वहिनीला जव्हारला नेलं. बाई आल्या होत्या. त्यांनी दिवा डोळ्यावर धरला. मग खरवडलं. मी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि न सांगता बघितलं. एवढे दाट धागे मी त्या मोसमात पाहिले नव्हते.

बाईंनी वहिनीला विचारलं, “डोळ्यात काय घातलं होतं?”

“काय नाय,” वहिनी म्हणाली.

आणि मी, सवयीनं, बोलून गेलो, “कोणी घातलं?”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “आईंनी.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. कोनाडा, करवंटी, हिरवी चिंधी, मोखाड्याच्या बाईची बाटली. झोपताना दोन थेंब, उठल्यावर दोन थेंब. आई स्वतः यायची, वहिनीचं डोकं मांडीवर घ्यायची आणि घालायची. शिबिरातले ते थेंब कसले हे मला पाठ होतं, बाईंनाही ते मीच सांगितलं. त्यात स्टिरॉइड होतं. ऑपरेशननंतर सूज उतरायला ते लागतंच. पण बुरशीच्या जखमेत ते घातलं की काय होतं, ते बाईंनी वहिनीला नीट, सोप्या शब्दांत समजावून सांगितलं. लपवायला हवं असं त्यांना वाटलं नसावं. त्या म्हणाल्या, शरीर आतल्या बुरशीशी झगडत असतं म्हणून डोळा लाल होतो, दुखतो. हे औषध ते झगडणंच बंद करतं. रानडुकरं शेतात शिरलीत आणि माळ्यावरचा राखणदार झोपवून ठेवलाय, असं समजा.

वहिनीला ते कळलं. शेतातल्या गोष्टी तिला सांगाव्या लागत नसत. ती म्हणाली, “म्हणजे लाली गेली ती त्याच्यामुलं. आणि डोलापण.”

“डोळा अजून गेलेला नाही,” बाई म्हणाल्या.

व्हरांड्यात आल्यावर वहिनी मला म्हणाली, “भावजी, हे घरी सांगायचां नाय.”

मी हो म्हणालो. डोळा वाचलाच तर सांगायची गरज काय, असं तेव्हा मनात होतं.

बुरशीवरचे थेंब जव्हारच्या एकाही दुकानात नव्हते. बाईंच्या पेटीत होते ते सुरू केले आणि त्याच दिवशी वहिनीला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. दादा आणि मी आलटून पालटून तिच्याजवळ राहायचो. दर तासाला थेंब. नर्स यायची, डोळा उघडायची, थेंब टाकायची, निघून जायची. वहिनी विचारायची, भात घरात आणलं का, पेंढा नीट रचला का, शेळी व्याली का. मी उत्तरं द्यायचो आणि रोज सकाळी मोठ्या डॉक्टरांच्या फेरीत त्यांच्या खांद्यावरून डोकावून डाग बघायचो. तो रोज थोडा मोठा असायचा. जगातलं सगळं ज्ञान त्या इमारतीत होतं. डोळ्यात काय आहे ते त्यांना ठाऊक होतं, ते कसं आलं, कशानं वाढलं, पुढे काय करणार, हेही ठाऊक होतं. आणि तरी ते वाढत होतं. रोग कळत नसता तर मी कुणावर तरी चिडलो असतो. कळत असूनही काही करता येत नाही यावर कुणावर चिडायचं? मी कँटीनच्या पोऱ्यावर चिडलो, चहा गार आहे म्हणून.

बाई एकदा संध्याकाळी वॉर्डात येऊन वहिनीच्या खाटेवर बसल्या. जाताना मला म्हणाल्या, “आणखी लवकर आली असती तर.” मी म्हणालो, “मी तुमच्याबरोबर खोडाळ्याला होतो.” त्यांचा काहीच दोष नव्हता, पण त्या क्षणी बाई मला डोळ्यांसमोर नको होत्या.

मग बुबुळाला भोक पडलं. डोळा काढावा लागला. दादानं सही केली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

पट्टी बांधलेली वहिनी पडून होती तेव्हा मी तिला सांगितलं, आता आईला सांगावं लागेल. उद्या ती आणखी कुणाला घालेल. वहिनीनं माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाली, “त्यांना कळलां तर त्या डोल्यानं माझ्याकडे कशा बघतील? त्यांना तो एकच डोला हाय, भावजी. तो त्यांनी मिटून घेतला तर मी काय करू?”

मी म्हणालो, “मग बाटलीचं काय?”

“ते मी बघते,” ती म्हणाली.

आम्ही घरी आलो तेव्हा आई ओट्यावर होती. वहिनीला बघून ती मोठ्यानं रडली नाही. तिनं वहिनीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि पट्टीवरून बोट फिरवत राहिली. “माझां औषद चालू ठेवलां असतां तर हा दिवस आला नसता,” ती म्हणाली. “मुंबईच्या डाक्टरांनी बंद केलां आणि डोला घालवला.” मी दादाकडे बघितलं. दादाला काहीच माहीत नव्हतं. तो म्हणाला, “नशीब.”

चहा झाला. आई उठली, कोनाड्यात हात घालून हिरवी चिंधी काढली, सोडली आणि बाटली हातात घेऊन वहिनीजवळ आली. “आता ह्या दुसऱ्या डोल्यात घालते. हा तरी राहील. झोप मांडीवर.”

मी उठलो. माझ्या तोंडात शब्द आलेच होते. पण माझ्याआधी वहिनी पुढे झाली. तिनं आईच्या हातातून बाटली घेतली, हळूच, जशी ती तिच्या हातातून सूप किंवा घागर घ्यायची तशी, आणि चुलीत टाकली. प्लॅस्टिक आधी मऊ पडलं, मग काळा धूर आला. वहिनीनं लाकूड पुढे सरकवलं.

काय झालं हे आईला कळायलाच वेळ लागला. मग ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. औषध चुलीत टाकणं म्हणजे देव चुलीत टाकण्यासारखं होतं. तिनं वहिनीला डोकं फिरलेली म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं, आणि शेवटी म्हणाली, “आता आलीतल्या लोकांना मी काय देऊ?” वहिनी खाली बघून ऐकत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी तेव्हा समोर बघितला. माझ्याकडे मार थांबवण्याएवढं सत्य होतं आणि मी ते तिच्याच शब्दाखातर गिळून उभा होतो.

त्यानंतर आळीतलं कुणी डोळा धरून आईकडे आलं की वहिनी त्याला स्वतः रस्त्यापर्यंत घेऊन जायची, एसटीत बसवायची आणि म्हणायची, भावजींकडे जा, दुसरीकडे कुठे नको. माझ्याकडे तसे बरेच जण आले. काहींच्या डोळ्यांत नुकतंच गेलेलं कूस होतं. मी ते काढायचो, मलम लावायचो, ते बरे होऊन जायचे. त्यांच्या बाबतीत मला काही वाटायचं नाही. काम झालं की झालं.

मध्ये काही वर्षांनी बाईंनी मला मुंबईला एका मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. डॉक्टरांची सभा होती आणि त्या आपलं काम मांडणार होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घालून मागे बसलो. अंधार केला, आणि पडद्यावर एकामागून एक डोळे यायला लागले. नुसते डोळे, चेहरा नाही, भिंतीएवढे. एक आला आणि मी ओळखला. पापणीच्या कोपऱ्यात वहिनीला लहानपणची एक बारीक खूण होती. करडा डाग, पिसासारखे काठ. बाई इंग्रजीत बोलत होत्या, पण मला कळत होतं. भाताच्या कुसाची जखम, घरी घातलेलं स्टिरॉइडचं औषध, उशिरा उपचार. पुढच्या रांगेतल्या एकानं विचारलं, औषध कुणी दिलं होतं? बाई म्हणाल्या, नातेवाइकानं. लोकांनी मान हलवली. पुढचा डोळा आला.

सभेनंतर चहा आणि सामोसे होते. बाईंनी मला चार जणांना भेटवलं, माझं कौतुक केलं. जे माझ्या घरात एका वाक्यात बोलता येत नव्हतं ते त्या हॉलमध्ये अंधारात, शांतपणे, सगळ्यांसमोर बोलून झालं होतं, आणि कुणालाही त्याचं काही वाटलं नव्हतं. त्यातून पुढे इतरांचे डोळे वाचतील हे मला कळत होतं. मला ते पटतही होतं. तरी एसटीत बसल्यावर जव्हार येईपर्यंत मला रडू येत होतं आणि मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

वर्षं गेली तसा आईच्या सांगण्यातला क्रम बदलत गेला. आधी ती म्हणायची, मुंबईच्या डॉक्टरांनी डोळा घालवला आणि मग हिनं माझं औषध जाळलं. नंतर मधले डॉक्टर गळून गेले. हिनं औषध जाळलं आणि डोळा गेला, एवढंच राहिलं. टाकलेलं औषध आजाराला बोलावतं, हे तिच्या लेखी आता सिद्धच झालं होतं. वहिनी कधी तिला दुरुस्त करायची नाही. बोहाड्याच्या जत्रेत देवांच्या मुखवट्यांची सोंगं बघायला गेलो की वहिनी आईला आपल्या चांगल्या डोळ्याच्या बाजूला बसवायची आणि समोर कोण नाचतंय ते सांगायची. दोघी मिळून दोन डोळे आहेत, असं दादा गमतीनं म्हणायचा. आई हसायची.

मग आईच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. तोवर पुतण्याचं लग्न झालं होतं, घरात नवी सून आली होती. पुन्हा थेंब आले. ते घालायचं काम वहिनीनं दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. एका डोळ्यानं अंदाज नीट येत नाही, म्हणून ती डाव्या हाताचं बोट आईच्या गालावर टेकवायची आणि मग थेंब सोडायची. मुदत संपली त्या दिवशी मी घरी जेवायला होतो. नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होती. थेंब घालून झाले, वहिनीनं बाटलीचं झाकण लावलं आणि ती चुलीकडे वळली.

“बघ, परत टाकते,” आई म्हणाली. आता तिला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत होतं. बाटली चुलीत गेली. आईनं ताट बाजूला सारलं आणि नव्या सुनेला म्हणाली, “तू शिकू नको हिच्याकडून. हिनं पहिल्यांदा टाकलां, तेव्हा हिचा डोला गेला. माझां औषद राहिलां असतां तर आज हिला दोन डोले असते. एवढा जीव लावून घालत होते मी.” मग ती माझ्याकडे वळली. “मी सांगून ऐकत नाय. तू डाक्टर हायेस. तू सांग तिला.”

नवी सून माझ्याकडे बघायला लागली. मी वहिनीकडे बघितलं. चुलीपाशी बसून ती माझ्याकडेच बघत होती, एका डोळ्यानं, सरळ.

“सांगा भावजी,” ती म्हणाली. “आई म्हणतात तसां सांगा.”

मी घास खाली ठेवला. आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, “वहिनी, औषध चुलीत टाकायला नको होतं.”

“चुकलां माझां,” वहिनी म्हणाली, आणि आईचं ताट पुढे ओढून तिनं त्यात आमटी वाढली.